अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं तर काय करायचं? पालकांसाठी नेमकी माहिती हवी आहे

पालकसंघ_सचिव

नमस्कार मंडळी. शाळेच्या पालक-शिक्षक संघातर्फे आठवी ते बारावीच्या पालकांसाठी एक माहितीपत्रक काढायचं आहे. मुलाचं नाव पोलीस तक्रारीत आलं तर पहिल्या दिवशी काय करायचं, हा त्याचा गाभा. शाळेबाहेरची मारामारी, मोबाइल चोरीचा आळ, लायसन्स नसताना चालवलेली गाडी, अशी प्रकरणं डोळ्यांसमोर आहेत.

अडलेले मुद्दे असे. पोलीस मुलाला किती वेळ आणि कुठे ठेवू शकतात? एफआयआर होतोच का? आधार कार्डावर एक जन्मतारीख आणि शाळेत दुसरी असेल तर कोणती धरतात? "सोळा पूर्ण झाली की मोठ्यांसारखाच खटला चालतो" असं सगळीकडे ऐकू येतं, ते कितपत खरं? आणि पुढे नोकरी, पासपोर्टच्या वेळी हे निघतं का?

ऐकीव नको, कलमासकट सांगितलंत तर फार उपयोग होईल.

मंडळासमोरची_वकील

सचिव, पत्रकाची सुरुवात पहिल्या २४ तासांपासूनच करा. पालकांच्या चुका तिथेच होतात आणि त्या निस्तरायला महिने जातात.

मूळ कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम १० सांगतं की मुलाला ताब्यात घेतल्याबरोबर त्याला विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवायचं आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे (अशा मुलांची प्रकरणं बघणारं मंडळ) हजर करायचं. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात त्याला कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही. मंडळाची बैठक त्या दिवशी नसेल तर कलम ७ नुसार मंडळाच्या एका सदस्यापुढेही हजर करता येतं. त्यामुळे "उद्या रविवार आहे, सोमवारी बघू" हे उत्तर ऐकून घरी परतू नका.

प्रत्यक्षात घोळ होतो तो वेगळ्याच जागी. मुलाला संध्याकाळी ठाण्यात बसवलं जातं आणि कागदावर ताब्यात घेतल्याची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची पडते. मधली रात्र कुठेच नसते. म्हणून पालकांनी ठाण्यात पोचताच शांतपणे दोन गोष्टी विचाराव्यात: बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत, आणि स्टेशन डायरीत नोंद किती वाजताची आहे. त्याच वेळी ठाणे अंमलदाराच्या नावे चार ओळींचा अर्ज द्यावा: मुलाचं नाव, जन्मतारीख, कधीपासून ठाण्यात आहे, आम्ही पालक हजर आहोत. प्रतीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर तोच मजकूर ठाण्याच्या आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या ईमेलवर तिथूनच पाठवावा. पुढे वेळेवरून वाद झाला तर हा ईमेल कामाला येतो.

चौकशी कशी व्हावी हे केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतल्या नियम ८ मध्ये स्पष्ट आहे. बेड्या, दोरी नाही. अधिकारी साध्या कपड्यात हवा. कबुलीसाठी दबाव नाही. मुलाची कोणत्याही जबाबावर सही घ्यायची नाही. विचारपूस करताना आई-वडील हजर राहू शकतात. विधी सेवा प्राधिकरणाला कळवून मोफत वकील मिळवून देणं हेही पोलिसांचंच काम आहे. पत्रकात एक वाक्य मोठ्या टायपात टाका: कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर ना मुलाची सही, ना पालकांची.

एफआयआरबद्दल. त्याच नियमानुसार गुन्हा निर्घृण वर्गातला (ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे असा) असेल, किंवा मुलावर प्रौढांसोबत मिळून गुन्हा केल्याचा आरोप असेल, तरच एफआयआर. बाकीच्या प्रकरणांत स्टेशन डायरीत नोंद, मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, आणि हे दोन्ही मंडळाकडे. ताब्यात घेण्याचा अधिकारसुद्धा मुख्यतः निर्घृण गुन्ह्यांपुरताच; एरवी मुलाच्या हितासाठी गरज असेल तरच. शाळेबाहेरच्या साध्या मारामारीत पालकांना तारीख कळवून मुलाला थेट मंडळापुढे बोलावणं ही योग्य पद्धत आहे. टोळक्यात एखादा अठरा पूर्ण झालेला असला की मात्र सगळ्यांची नावं एकाच एफआयआरमध्ये येतात. तरीही खटला एकत्र चालत नाही, कलम २३ ते रोखतं.

परिविक्षा_कट्टा

ताईंनी पोलिसांची बाजू नीट मांडली आहे. मी जामीन आणि अहवालाबद्दल लिहितो, कारण पालक वकिलाची फी जमवण्यात दोन दिवस घालवतात आणि ज्या कागदावर मंडळ खरा भर देतं तो रिकामा राहतो.

कलम १२ नुसार मुलाला जामीन हा नियम आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा अजामीनपात्र, जामीनदारासह किंवा त्याशिवाय सोडायचं, नाहीतर परिविक्षा अधिकाऱ्याच्या (मुलावर देखरेख ठेवून मंडळाला अहवाल देणारा अधिकारी) देखरेखीखाली द्यायचं. ठाण्याचा प्रभारी अधिकारीसुद्धा सोडू शकतो. नाकारायला तीनच कारणं चालतात: सुटल्यावर मूल सराईत गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याची शक्यता, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका, किंवा न्यायाचा हेतूच विफल होणं. कारण लेखी नोंदवावं लागतं. "गुन्हा गंभीर आहे" हे यात नाही. म्हणून पुरावा किती कच्चा आहे यावर पहिल्याच दिवशी तासभर युक्तिवाद करणाऱ्या वकिलाचा फारसा उपयोग होत नाही. मंडळाला हवं असतं ते असं: मूल राहणार कुठे, दिवसभर लक्ष कोण ठेवणार, शाळा सुरू राहणार का, ज्यांच्यासोबत नाव आलं त्यांच्यापासून लांब कसं ठेवणार.

समजा बाकीची मुलं त्याच गल्लीतली आहेत. मग "आम्ही काळजी घेऊ" एवढं बोलून भागत नाही. काही महिने मावशीकडे किंवा आजीकडे ठेवायची तयारी असेल तर त्या नातेवाइकांना बरोबर न्या, त्यांचा पत्त्याचा पुरावा आणि हमीपत्र द्या. जिथे राहणार तिथून शाळेत किंवा क्लासला कसा जाणार तेही लिहा. पहिलं आणि दुसरं कारण खोडायला याहून सरळ उपाय नाही.

जामिनाच्या अटी झेपल्या नाहीत आणि सात दिवसांत मूल सुटलं नाही, तर अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळापुढे आणावं लागतं. ही तरतूद गरीब घरांसाठी फार मोलाची आहे. जामीनदार मिळत नाही म्हणून मूल निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ती जागा) पडून राहिलं असेल तर आठव्या दिवशी अर्ज करा.

जामीन दिला की दिला. पुण्यातल्या कल्याणीनगर अपघात प्रकरणात जामिनानंतर मुलाला निरीक्षणगृहात पाठवणं बेकायदा असल्याचं मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये सांगितलं. त्या अपघातावरून लोकांमध्ये किती संताप होता हे सगळ्यांना आठवत असेल. तरीही नियम सगळ्या मुलांना सारखाच लागतो, ज्यांच्या मागे कुणी नाही त्यांनाही, आणि तो तसाच राहायला हवा.

आता अहवाल. कलम १३ नुसार परिविक्षा अधिकारी दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल देतो. तो घरी येतो, शाळेत जातो, शेजाऱ्यांशी बोलतो. इथे तुमच्या संघाला थेट काम आहे. वर्गशिक्षकांनी हजेरीपट, गेल्या दोन वर्षांचे निकाल, मुलाच्या वागण्यात अलीकडे झालेला बदल, घरची अडचण हे खरंखुरं लिहून द्यावं. गोडगोड प्रमाणपत्राचा काही फायदा नाही. मुलगा चार महिने गैरहजर होता हे लपवलं आणि अधिकाऱ्याला हजेरीपटात दिसलं की बाकी सगळ्यावरचा विश्वास जातो. याउलट "वडिलांच्या आजारपणापासून हजेरी घसरली, गणिताचे शिक्षक त्याला रोज अर्धा तास द्यायला तयार आहेत" असं वाक्य मंडळाच्या आदेशात उतरतं.

शाळा बरेचदा घाबरून नाव काढते. तसं करू देऊ नका. आठवीपर्यंत तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ मुलाला काढून टाकायला मनाईच करतं. नंतरच्या वर्गातही आरोप म्हणजे दोष नव्हे, आणि शाळा सुटली की जामिनाचा सगळ्यात भक्कम आधारच जातो.

जन्मनोंद_वाचक

वयाबद्दल. तारीख धरायची ती गुन्ह्याच्या दिवसाची. पकडल्याच्या, हजर केल्याच्या किंवा निकालाच्या दिवशी वय किती होतं याला महत्त्व नाही. चौकशी चालू असताना मूल अठराचं झालं तरी मंडळच चौकशी पूर्ण करतं (कलम ५).

कोणता कागद चालतो याचा क्रम कलम ९४ मध्ये आहे. आधी शाळेचं जन्मतारीख प्रमाणपत्र किंवा परीक्षा मंडळाचं दहावीचं अथवा समकक्ष प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला. यातलं काहीच नसेल तरच हाडांची किंवा तशी वैद्यकीय तपासणी, आणि ती आदेशापासून १५ दिवसांत पूर्ण करायची. आधार कार्ड या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०२४ मध्ये आधार हा जन्मतारखेचा पुरावा नसल्याचं म्हटलं आहे. ठाण्यात मात्र पहिल्यांदा आधारच मागतात, आणि त्यावर जन्मवर्ष अंदाजे टाकलेलं असेल तर सतरा वर्षांचं पोर प्रौढ म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं राहतं.

यात एक बारकावा पालकांना सहसा कुणी सांगत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एकट्यावर विसंबू नका. २०२३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं बदली दाखला आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा यांना कलम ९४ ला अपेक्षित असलेलं जन्मतारीख प्रमाणपत्र मानलं नाही. म्हणून मुख्याध्यापकांकडून "जन्मतारीख प्रमाणपत्र" असं शीर्षक असलेला, जनरल रजिस्टर क्रमांक आणि शिक्का असलेला वेगळा कागद घ्या. शक्यतो मूल पहिलीत जिथे दाखल झालं त्या शाळेचा. सोबत जन्म दाखल्याची प्रमाणित प्रत ठेवा. जन्माच्या वेळी नोंदवलेली आणि शाळेतली तारीख जुळत असेल तर वाद तिथेच मिटतो. जुळत नसेल तर नवा कागद तयार करायच्या फंदात कुणी पडू नये. घटनेनंतर दुरुस्त केलेल्या तारखेकडे मंडळ संशयानंच बघतं, आणि मुख्याध्यापकांना रजिस्टर घेऊन साक्षीला यावं लागतं.

प्रौढ म्हणून हजर केलं गेलंच, तर त्याच न्यायालयात तोंडी का होईना "मी अठरा वर्षांखालचा आहे" हे सांगायचं आणि ते नोंदवून घ्यायचं. कलम ९ नुसार हा दावा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही करता येतो. पण जितका उशीर, तितके दिवस मूल मोठ्या कैद्यांमध्ये राहतं. तेव्हा पहिलीच तारीख सोडू नका.

मंडळासमोरची_वकील

सोळा वर्षांचा मुद्दा राहिला होता. त्याबद्दल फारच गैरसमज आहेत.

कायद्यात गुन्ह्यांचे तीन वर्ग आहेत. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर किरकोळ. तीन ते सात वर्षांदरम्यान असेल तर गंभीर. किमान शिक्षा सात वर्षं किंवा अधिक असेल तर निर्घृण. मधली पोकळी, म्हणजे कमाल सातच्या वर पण किमान सातपेक्षा कमी किंवा किमान ठरवलेलीच नाही, ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या शिल्पा मित्तल निकालानं आणि नंतर २०२१ च्या दुरुस्तीनं भरून निघाली: असे गुन्हे गंभीर वर्गात.

म्हणजे बघायचं ते किमान शिक्षेकडे. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणून किरकोळ. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत पण किमान नाही, म्हणून गंभीर. त्याच जबरी चोरीत स्वतः प्राणघातक शस्त्र वापरलं तर कलम ३११ नुसार किमान सात वर्षं, म्हणून निर्घृण. खुनाचा प्रयत्न, कलम १०९, ऐकायला भयंकर, पण एरवी किमान शिक्षा नसल्यानं गंभीर वर्गातच येतो. खून आणि बलात्कार निर्घृण. कोणतं कलम लावलंय यावर मुलाचं पुढचं सगळं ठरतं, त्यामुळे वकिलानं सगळ्यात आधी कलमं तपासावीत. चाकू कुणाच्या हातात होता हे स्पष्ट नसताना सगळ्यांना ३११ लावलेलं असेल तर तो मुद्दा पहिल्याच तारखेला मांडायचा.

"मोठ्यांसारखा खटला" ही शक्यता फक्त सोळा पूर्ण झालेल्या मुलाची आणि फक्त निर्घृण गुन्ह्यात. तिथेही आपोआप नाही. कलम १५ नुसार मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं: गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत झाला. यात मानसशास्त्रज्ञांची मदत घेतात. गुन्हा केला की नाही हा प्रश्न तिथे नसतो. मूल्यांकनाला कायद्यानं तीन महिने दिलेत. आदेश पटला नाही तर सत्र न्यायालयात अपील. प्रकरण बाल न्यायालयाकडे (हे मंडळाहून वेगळं, सत्र दर्जाचं न्यायालय) गेलं तरी मोठ्यांसारखा खटला चालवायचा की नाही हे ते न्यायालय पुन्हा स्वतः ठरवतं. आणि तिथे दोषी ठरलं तरी वयाच्या २१ वर्षांपर्यंत तुरुंगात नव्हे, तर कायद्यानं ठरवलेल्या "सुरक्षित ठिकाणी"च ठेवायचं. फाशी नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही (कलम २१).

बाकी सगळ्या प्रकरणांत मंडळ स्वतः निकाल देतं: समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिविक्षेवर सोडणं, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात (दोषी ठरलेल्या मुलांचं सुधारगृह) ठेवणं. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढ. किरकोळ गुन्ह्यात वाढीव मुदतीतही संपली नाही तर ती बंद होते. हा शेवटचा नियम पालकांना माहीत नसतो आणि दीड-दोन वर्षं तारखांना येत राहतात. तारखांचा कागद जपून ठेवा आणि सहा महिने झाले की अर्ज करा.

पालकसंघ_सचिव

खूपच स्पष्ट झालं, आभार. दोन प्रश्न राहिले: गाडी आणि रेकॉर्ड. शिवाय "फक्त चौकशीला पाठवा" असा फोन आला तर?

परिविक्षा_कट्टा

गाडी: मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ, २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं. मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती हे सिद्ध करायची जबाबदारी पालकांवर. किल्ली हॉलमधल्या खुंटीवर असते आणि मुलगा रोज त्याच गाडीनं क्लासला जातो, अशा घरात हा बचाव टिकणं कठीण. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन्स, आणि रस्त्यावरच्या बहुतेक स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठ्या इंजिनाच्या असतात. हे पालकांना खरंच ठाऊक नसतं, तेव्हा पत्रकात ठळक टाका.

रेकॉर्ड: कलम २४ नुसार या कायद्याखाली निकाल लागलेल्या मुलाला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागत नाही. अपिलाची मुदत किंवा ठरलेला काळ संपला की नोंदी नष्ट करायच्या. अपवाद फक्त सोळावर्षांवरच्या ज्या मुलाचा बाल न्यायालयानं मोठ्यांसारखा खटला चालवला त्याचा. चारित्र्य पडताळणीत पोलिसांनी मिटलेल्या प्रकरणाचा उल्लेख करायचा नाही, हे कलम ७४ मध्ये वेगळं लिहिलं आहे. नोंदी आपोआप नष्ट होतील असं धरून मात्र चालू नका. मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत घरी ठेवा. पडताळणीत नाव निघालं तर ती प्रत आणि कलम ७४ चा उल्लेख असलेला अर्ज लागतो.

त्याच कलमात मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो उघड करायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर्तमानपत्रांसोबत "संपर्काचं इतर कोणतंही माध्यम" असे शब्द तिथे आहेत, त्यामुळे पालकांचा व्हॉट्सॲप गट यातून सुटत नाही. तक्रारदार मुलाचीही ओळख याच कलमानं जपलेली आहे.

मंडळासमोरची_वकील

चौकशीच्या फोनबद्दल. मूल साक्षीदार असेल आणि मुलगी असेल, किंवा पंधरा वर्षांखालचा मुलगा असेल, तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७९ नुसार त्यांना घराबाहेर कुठेही बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) प्रकरणातल्या पीडित मुलाचा किंवा मुलीचा जबाब घरी किंवा मूल म्हणेल त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय नोंदवायचा असतो.

मुलावरच आळ असेल तर फोन करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि प्रकरणाचा क्रमांक लिहून घ्या आणि लेखी सूचना मागा. मुलाला एकट्यानं पाठवू नका. जायचंच झालं तर एक पालक आणि एक वकील बरोबर जावा. वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहे. मुलांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. मूल संकटात असेल, मारहाण झाली असेल, तर १०९८. आणि मारहाणीचे वळ असतील तर मंडळापुढे हजर होताच मुलानं ते सांगावं आणि वैद्यकीय तपासणीचा आदेश मागावा. तीन-चार दिवसांनी मागितली तर दाखवायला वळ उरत नाहीत.